वय न विचारणारा विमा

मनुष्याचें वय विचारणारे लोक आपल्याकडे थोडे नाहींत. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या टिपणापर्यंत आणि नोकरीच्या अर्जापासून पेन्शनच्या कागदापर्यंत जन्मतारखेचें लचांड प्रत्येकाच्या मागें लागलेलें असतें. आयुर्विम्याचा प्रतिनिधि तर कुशलप्रश्नाच्या आधीं वयच विचारतो. आणि आम्हीं पन्नाशी ओलांडल्याचें सांगतांच त्याच्या चर्येवर जी सहानुभूति उमटते ती पाहून आमची शोकसभा चालू आहे कीं काय, अशी शंका आम्हांस येऊं लागते. असें असतां, मोटारीचा जो विमा कायद्यानें सक्तीचा केला आहे त्याचा हप्ता ठरवितांना मात्र वय विचारण्याचें कोणास कारण पडत नाहीं. ही गोष्ट लहान दिसते; पण तिच्या पोटांत बरेंच कांहीं आहे.

ह्या विम्याचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें तो सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यांत त्याची तरतूद होती, व ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. आज १९८८ चा कायदा चालू आहे. ह्या व्यवहारांत पहिला पक्ष मोटारीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचें उरलेलें सारें जग. ह्या तिऱ्हाइताचा मोटारीखालीं प्राण गेला, तर त्याच्या वारसांस भरपाई मिळावी, एवढ्यासाठीं ही सक्ति. सरकारनें १ जून २०२२ पासून जे दर लागू केले, त्यांत खाजगी मोटारीचा वार्षिक हप्ता इंजिनाच्या आकारमानावरून ठरविला आहे: १००० घन सेंटिमीटरपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ रुपये, आणि त्यापुढें ७,८९७ रुपये. म्हणजे सोळाशें घन सेंटिमीटरांची संसारी गाडी घेऊन दर संकष्टीस महडच्या वरदविनायकास जाणारा पेन्शनर, आणि तिच्या तिप्पट इंजिनाची, जमिनीस चिकटून धांवणारी शर्यती मोटार उडविणारा अठरा वर्षांचा कुमार, हे दोघे एकाच पंक्तीस बसतात. कायदा यंत्राचें पोट मोजतो. तें हांकणाऱ्याचें डोकें मोजण्याच्या भरीस पडत नाहीं.

इंग्रजी शिकविण्यांत आमची उमर गेली, त्यामुळें अशा वेळीं विलायतेचें उदाहरण सहज आठवतें. तिकडे वीस वर्षांच्या मुलानें शर्यती मोटार घ्यावयाचें मनांत आणलें, तर विम्याचा हप्ता ऐकूनच त्याचा उत्साह पुष्कळदां थंड होतो. मोटार जुनी, स्वस्त मिळावी आणि तिचा वर्षाचा विमा तिच्या किंमतीहून जड व्हावा, असेंही तिकडे घडतें. कित्येक कंपन्या मोटारींत एक लहानशी पेटी बसवितात. पोराचा वेग, ब्रेक दाबण्याची त्याची रीत, त्याचें अपरात्रींचें हिंडणें, ह्या सर्वांची ती कंपनीकडे चहाडी करते. आणि पोर शहाण्यासारखें वागलें तर पुढचा हप्ता उतरतो. एके काळीं तेथें मुलांपेक्षां मुलींना हप्ता कमी पडे. पण १ मार्च २०११ रोजीं युरोपीय न्यायालयानें हा भेद अमान्य केला, व २१ डिसेंबर २०१२ पासून तो बंद झाला. वयाचा भेद मात्र राहिला. तारुण्य हीच जोखीम, असें तेथील विमेवाल्यांचें उघड मत आहे. तें कानास कडू लागतें खरें. पण किंमत ही एक प्रकारची भाषा आहे, आणि त्या भाषेंत तेथें कोणी तरी तरुणाशीं थेट बोलतो.

तोच कायदा येथें आणावा, असें आमचें म्हणणें नाहीं. खोपोलीच्या कारखान्यांत रात्रपाळीस जाणारा वीस वर्षांचा कामगार शंभर-सव्वाशें घन सेंटिमीटरांच्या दुचाकीसाठीं ह्याच दरपत्रकाप्रमाणें ७१४ रुपये भरतो. तो जपून जातो, जपून येतो. कारण त्याच्या पगारावर चार माणसें जेवतात. केवळ वीस वर्षांचा आहे म्हणून त्याच्यावर तारुण्याचा दंड बसविणें हा अन्याय होईल. सगळ्यांस एक दर लावणाऱ्या आपल्या कायद्यांत गरिबाविषयीं एक प्रकारची माया आहे, हें कबूल केलें पाहिजे. मात्र त्या मायेपोटीं श्रीमंताच्या पोराशींही कोणी बोलेनासें झालें आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

तिऱ्हाइताच्या विम्याखेरीज स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा असतो. तो ऐच्छिक आहे, आणि त्याचा हप्ता मोटारीच्या किंमतीवर बसतो. २००२ च्या दरपत्रकांत ह्यासाठीं देशाचे दोन भाग पाडले होते. मुंबई, पुणें, दिल्ली, कलकत्ता इत्यादि आठ शहरें पहिल्या भागांत, आणि बाकीचा देश दुसऱ्यांत. मोटारीची नोंद जेथील असेल त्याप्रमाणें, १५०० घन सेंटिमीटरांवरील नव्या गाडीस पहिल्या भागांत शेंकडा ३.४४० आणि दुसऱ्यांत शेंकडा ३.३४३ असा दर होता. मुंबई-पुणें रस्त्याचीं दोन्ही टोकें अशा रीतीनें महाग ठरलीं, आणि मधला आमचा खालापूर तालुका, बोरघाटाच्या पायथ्यासह, स्वस्तांत गेला! घाट उतरतांना तापलेल्या ब्रेकांचा वास ज्यांनीं घेतला आहे, त्यांस ह्यांतील विनोद सांगावयास नको. १ जानेवारी २००७ पासून हे ठरीव दर उठले, आणि ह्या ऐच्छिक विम्यापुरता प्रत्येक कंपनी आपआपला भाव सांगूं लागली.

कर्जत-खालापूरचा मुलूख अशा गोष्टींचा विचार करण्यास सोयीचा आहे. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ मध्यें घाटांतून आगगाडी वर चढली, आणि तेव्हांपासून मुंबई-पुण्याची घाई आमच्या दारावरून जात आली आहे. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाल्यावर तर त्या घाईस पंखच फुटले. त्या मार्गावर दुचाकींस बंदी आहे, म्हणून दुचाकीवालीं पोरें चौक, खालापूर, खोपोली अशा जुन्या रस्त्यानें घाट गांठतात. मोटारवाले शनिवारीं सकाळीं झुंडीनें द्रुतगति मार्गावरून येतात. ह्याच कर्जत तालुक्यांत, डोंगरमाथ्यावर, माथेरान आहे. तेथें दस्तुरी नाक्यापुढें खाजगी मोटारीस मज्जाव असल्यामुळें तेथील तरुण फार तर घोडा उधळवील! पण खालीं सपाटीवर जमिनीला भाव आला, भाताच्या खाचरांच्या जागीं शहरवासीयांचे बंगले उठले, आणि आजवर रस्त्याच्या कडेला उभी राहून मोटारी पाहणारीं मुलें स्वतः मोटारी पसंत करूं लागलीं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन घरीं आला. मुलगा वीस वर्षांचा. वडील भातशेतकरी, त्यांनीं रस्त्यालगतची जमीन विकली होती, आणि त्या पैशांतून चिरंजीवांनीं दोन आसनांची एक वापरलेली शर्यती मोटार हेरून ठेविली होती. किंमत चाळीस लाख. दलालानें दिलेलें विम्याचें अंदाजपत्रक आणि कोरें प्रस्तावपत्र दोन्ही इंग्रजींत असल्यामुळें, तीं वाचून दाखविण्यास आमची योजना झाली. इंग्रजी काव्याच्या अध्यापनाचा इतका रोकडा उपयोग आमच्या हयातींत दुसरा झालेला नाहीं.

मुलाची तक्रार अशी कीं, हप्ता फार सांगतात. आम्हीं जुन्या दरपत्रकाप्रमाणें कागदावर गणित मांडून दाखविलें. चाळीस लाखांवर शेंकडा ३.३४३ म्हणजे १,३३,७२० रुपये. दलालाचा आंकडाही त्याच्याच आसपास होता. वडिलांनीं तो आंकडा दोनदां म्हणवून घेतला आणि हंसून म्हणाले, "सर, भाताचा विमा आम्ही एक रुपयांत काढला होता." तें खरेंच होतें. राज्य सरकारनें २०२३ च्या खरिपापासून पीकविम्यासाठीं शेतकऱ्याकडून एकच रुपया घेण्याची योजना सुरू केली होती, आणि २०२५ च्या खरिपापासून ती बंद केली. ज्या जमिनीच्या पिकाचा विमा रुपयांत उतरे, त्या जमिनीच्या पैशांतून आलेल्या मोटारीस लाखावर हप्ता बसत होता.

मुलगा म्हणाला, "पण सर, एवढे भरले कीं मग काळजी नाहीं ना?"

हाच प्रश्न आम्हांस भयंकर वाटतो. हप्ता जितका जड, तितकी निर्धास्ती अधिक, असा तरुणांचा समज होतो. जणुं पैसे मोजून मोडतोडीचा परवानाच विकत घेतला! आम्हीं त्यास कलमें वाचून दाखविलीं. मोटार मोडली तर कंपनी देईल. दुसऱ्याची भिंत अगर गाडी मोडली, तर साडेसात लाखांपर्यंत देईल. दुसरा मनुष्य मेला, तर न्यायाधिकरण ठरवील तितकें देईल. त्यास मर्यादा नाहीं. आणि ती रक्कम ठरते कशी, तेंही सांगितलें. मृताच्या वार्षिक प्राप्तींतून त्याचा स्वतःचा खर्च वजा घालून राहिलेल्या रकमेस एका आंकड्यानें गुणावयाचें. तो आंकडा सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें वयावरून ठरवून दिला आहे. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मनुष्यास १८. आमच्यासारख्या एकावन्न ते पंचावन्नच्या गृहस्थास ११. पासष्टीपुढें ५. हप्ता घेतांना ज्या वयाकडे कायद्यानें ढुंकून पाहिलें नाहीं, तेंच वय तो प्रेत उचलल्यावर विचारतो. आणि तरुणाचा आंकडा सर्वांत मोठा धरतो.

हें सांगतांना आमच्या मनापुढें पुण्याची गोष्ट उभी राहिली. १९ मे २०२४ च्या अपरात्रीं कल्याणीनगरांत एका पोर्शे मोटारीची दुचाकीस धडक बसून दोन इंजिनियर ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप; दोषादोष ठरविणें हें न्यायालयाचें काम. त्या मोटारीची कायमची नोंदणी १,७५८ रुपयांचें शुल्क भरावयाचें राहिल्यामुळें अडली होती, आणि बाल न्याय मंडळानें प्रथम जामीन देतांना मुलास अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हां देशभर गहजब झाला. निबंध तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. निबंधाच्या सामर्थ्याविषयीं आमच्याइतका निरहंकारी मनुष्य विरळा. तीं दोन माणसें चोवीस वर्षांचीं होतीं. कोष्टकाप्रमाणें त्यांचा आंकडा १८.

वडील इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "सर, हें सगळं दुसऱ्यांचं झालं. ह्याच्यांत पोराचं काय लिवलंय?"

आम्हीं प्रस्तावपत्र पुन्हां पाहिलें. तिऱ्हाइताच्या भरपाईंत त्याचें कांहींच नव्हतें. कारण स्वतःच्या चुकीनें चाकामागें मरणारा मनुष्य तिऱ्हाईत नव्हे. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका मृत चालकाच्या कुटुंबाची मागणी नाकारली. पंधरा लाखांचा एक अपघात विमा त्या कागदांत होता; पण तो मालक स्वतः चालवीत असतां त्यास मिळणारा. मोटार वडिलांच्या नांवावर घ्यावयाची होती, म्हणून ते पंधरा लाखही वडिलांच्याच जिवाचे. निराळा पैसा भरून इतरांसाठीं तसा विमा घेतां येतो. ह्या कागदांत मात्र तो नव्हता. आम्हीं हें सांगितल्यावर ते क्षणभर विचारांत पडले आणि म्हणाले, "मग गाडी त्याच्याच नांवावर घ्या. त्याचं त्याला राहील."

मुलगा आनंदानें प्रस्तावपत्र भरूं लागला. त्याचें नांव, पत्ता, परवान्याचा क्रमांक. पुढें एक रकाना होता: मालकास अपघाती मृत्यु आल्यास रक्कम कोणी घ्यावयाची त्याचें नांव. मुलानें आम्हांस अर्थ विचारला, आम्हीं सांगितला, आणि तो सहज वडिलांचें नांव लिहूं लागला. वडिलांनीं त्याचा हात धरला.

"माझं नको," ते म्हणाले. "ते पैसे मोजून घ्यायला मी बसूं काय?"

दुसऱ्या कोणाचें नांव सुचवा, म्हणून आम्हीं म्हटलें. त्यांनीं मान हालविली. आईचें नांव तर त्यांनीं उच्चारूंच दिलें नाहीं. मुलगा हातांत पेन घेऊन बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत बसला. विलायतेंतील कंपनी जें हप्त्याच्या आंकड्यानें सांगते, आणि आपलें दरपत्रक जें सांगतच नाहीं, तें त्यास त्या चार बोटें रुंद कोऱ्या जागेंत वाचावयास मिळालें असावें, असें त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटलें. अखेरीस त्यानें पेनाचें टोपण लावलें आणि कागद घडी करून खिशांत ठेविला. वडिलांस शेवटची गाडी चुकूं नये म्हणून तो त्यांस घेऊन लगबगीनें स्टेशनाकडे निघाला. मोटार त्यानें घेतली कीं नाहीं हें अद्याप आमच्या कानीं आलेलें नाहीं, आणि आम्हींही तें मुद्दाम विचारलेलें नाहीं.