वहिनी, या महिन्यात तरी चल

प्रिय वहिनी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मुंबईच्या त्या ऑपरेशन झालेल्यांच्या गटाच्या मीटिंगला मी आता येत नाही. वजन परत चढायला लागलंय, कुठल्या तोंडानं जाऊ?" स्पीकर चालू होता, शेजारी आई बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण मनातून तो जात नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

आधी वजनाचं बोलू. वजन उतरवायला तुझं झालं त्या स्लीव्हच्या ऑपरेशनात जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्तच भाग काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून पहिलं वर्षभर तुला जेवणाची आठवण करून द्यावी लागायची. पुढे शरीर जुळवून घेतं, भूक थोडी थोडी परत येते. स्वीडनमध्ये १९८७ पासून असं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे. ऑपरेशनचे प्रकार वेगळे होते, पण वजन पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांत खाली गेलं आणि नंतर काहीसं वर आलं, हे तिथेही दिसलं. तरीसुद्धा ऑपरेशन न झालेल्या तशाच माणसांपेक्षा त्यांच्यातले मृत्यू कमी होते. तेव्हा काटा थोडा वर सरकला म्हणून तू काही गुन्हा केलेला नाहीस. दुर्लक्ष मात्र करायचं नाही, आणि त्यासाठीच मीटिंगला जायचं.

मला धास्ती आहे ती तुझ्या लाजेची. वजन उतरत असतं तेव्हा सगळे हौसेनं येतात, जुने फोटो दाखवतात, ढगळ झालेला कुर्ता मुठीत धरून दाखवतात. काटा उलटा फिरला की एकेक जण गळतो. तू स्वतः गावात बचत गट सांभाळतेस. एखादीचा हप्ता चुकला की ती बैठकीला यायचीच बंद होते, रस्त्यात दिसली तरी मान फिरवते. तेव्हा तू काय करतेस? तिच्या ओट्यावर जाऊन बसतेस आणि "पैशाचं नंतर बघू, आधी तू ये" म्हणतेस. हे पत्र म्हणजे माझं तुझ्या ओट्यावर येऊन बसणं आहे.

घरात तुझ्यावर माया करणारी माणसं आहेत. पण तांदळाच्या भाकरीचा घास नीट चावला नाही तर छातीत दगडासारखा कसा बसतो, हे त्यांना कळणार नाही. आईला अजून वाटतं, एवढंसं खाऊन ही जगणार कशी. डाएटिशियनच्या कागदावर पनीर आणि टोफू होतं. वालाचं बिरडं चालतं, सुकट चालते, अंडं चालतं, रोजची साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं आपल्या चुलीवरूनही जमवता येतात, हे तुला गटातल्या पनवेलच्या बाईंनी समजावलं. लग्नाच्या हळदीला गेल्यावर काय करायचं तेही त्यांनीच शिकवलं. पंगतीत पान मांडून बसायचं नाही. लहान ताटली हातात धरून उभं राहायचं, मटणाचे दोन मऊ तुकडे घ्यायचे, बराच वेळ चघळायचे, पाणी अर्ध्या तासानंतर. ताटली हातात असली की वाढपी आग्रह करत नाही. त्या सांगत होत्या आणि तू बोटांवर मोजत मनात धरून ठेवत होतीस. इतकं मन लावून तू डॉक्टरांचंही ऐकलेलं मी पाहिलं नाही.

केस मूठ मूठ गळायला लागले तेव्हा तू किती रडली होतीस. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून असं होतं आणि बहुतेकांचं पुढे थांबतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण तुला धीर आला तो गटातल्या, दाट केसांची वेणी पुढे ओढून दाखवणाऱ्या बाईकडे बघून. तिथे कुणी म्हणतं पायाला मुंग्या येतात, लगेच दुसरा विचारतो, "बी-१२ तपासलंस का? गोळ्या सोडल्यास ना?" जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम हे आता जन्मभराचं आहे आणि कंटाळा करणाऱ्याला असं विचारणारं कुणी लागतं. एक मात्र सांगते, दुसऱ्याच्या गोळ्या विचारून घ्यायच्या नाहीत. औषध डॉक्टरांकडूनच.

गटात नियमित जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. चिकाटीची माणसंच नेमानं जात असतील, म्हणून तसं दिसत असेल, हेही खरं. पण मला किलोपुरतं बोलायचंच नाही. २०१७ मध्ये वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी इजिप्तच्या इमान अहमदला मुंबईत आणलं, क्रेननं उचलून हॉस्पिटलात नेलं, तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. रोज आकडा सांगायचे, आज इतके किलो उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारली. तिच्या मनात काय चाललं असेल, हे त्या बातम्यांत मला कुठे ऐकू आलं नाही.

दादाबद्दलही लिहिते, रागावू नकोस. त्याच स्वीडनमध्ये असंही दिसलं की ऑपरेशननंतर एकट्या माणसांची लग्नं जास्त जुळली आणि जोडप्यांतले घटस्फोटही वाढले. माणूस बदलला की घरालाही सवय करून घ्यावी लागते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालतं. तिथे व्यसनी माणसाच्या बायकांचाही वेगळा गट आहे, 'सहचरी' नावाचा. आपल्या गटात नवऱ्यांसाठी असं काही नाही. तू विचारलंस तर होईल.

मीटिंगसाठी मुंबईला जायची दगदग होते, हे मान्य. कर्जत, खोपोली, पेण या बाजूचेही ऑपरेशन झालेले लोक असतीलच. डाएटिशियनला सांगू, ज्यांची हरकत नसेल त्यांना तिनं आपला नंबर द्यावा. खोपोलीत रविवारी एखाद्या शाळेचा वर्ग मिळेल. माणसं जमवणं तुझ्या हातचं काम आहे.

ते होईल तेव्हा होईल. या शनिवारी खोपोलीहून सकाळची गाडी पकड, मी कर्जतला फलाटावर थांबते. बी-१२ आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट पिशवीत टाक. दादाशी मी बोलले आहे, तोही येतोय.

तुझी नणंद