तवंदी घाटातील जुनी झेन

कोल्हापूर सोडून बंगळूरच्या दिशेने निघालेला महामार्ग कागल मागे टाकतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि कोगनोळीच्या नाक्याशी कर्नाटकात प्रवेश करतो. प्रवेश केल्याचे प्रवाशास फारसे जाणवत नाही. दुतर्फा ऊस तोच, काळी माती तीच, चहाच्या टपरीवरचे बोलणेही तेच. बदलतात ती फलकांवरची अक्षरे. जरा निरखून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे वाहनांच्या क्रमांकांची सरमिसळ. कोल्हापूरचा एमएच ०९, चिकोडीचा केए २३, बेळगावचा केए २२ आणि मधूनच एखादी गोव्याची गाडी. एकाच अंगणात दोन राज्यांचे क्रमांक शेजारी शेजारी उभे असलेले येथे नवल नव्हे. मुलगी कागलला दिलेली, मुलगा बेळगावात नोकरीला, बाजार कोल्हापूरचा आणि कचेरी चिकोडीची. इकडच्या माणसांचा संसारच मुळी असा दुतर्फा पसरलेला आहे.

आम्हा बडोदेकरांस हे काही परके वाटू नये. तथापि, आपण मुलूख सोडून दूर गेलो आणि तेथेच रुजलो. येथील माणसे मात्र जागची हलली नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि सीमाच त्यांच्या अंगणापाशी आली. त्या वादाचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. मला सांगायचे आहे ते एका मोटारीविषयी.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, निपाणीस राहते. तिच्या यजमानांनी कोल्हापुरास नोकरीत असताना १९९८ साली एक मारुती झेन घेतली. निवृत्तीनंतर बिऱ्हाड निपाणीच्या घरी आले, त्याबरोबर गाडीही आली. २०१६ साली यजमान गेले आणि गाडी परसातील पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली, ती दोन पावसाळे उभीच होती. भंगारवाला दोनदा येऊन किंमत सांगून गेला. आक्काची ना नव्हती. तिला छपराखाली सरपण ठेवायचे होते. आड आला तो भाचा. तो बेळगावला उद्यमबागेतील एका यंत्रशाळेत काम करतो. २०१८ च्या दिवाळीत त्याने सांगून टाकले, “मामा, गाडी विकायची न्हाई. मी ती उभी करणार.” उभी करण्यास त्यास पाच वर्षे लागली.

ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांनी विचारावे, की असे काय आहे या डब्यात? लहान मोटारींनी जगात अनेकदा मोठ्यांना मागे टाकले आहे. इंग्लंडच्या चिमुकल्या मिनी कूपरने मॉन्टे कार्लोची अवघड शर्यत १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. आपल्याकडे २००१ साली फियाटने शंभर अश्वशक्तीची पॅलिओ काढली, तेव्हा तरुण मंडळी हरखून गेली होती. परंतु त्याआधी, १९९३ पासून, हौशी चालकांचे मन जिंकले होते ते झेननेच. तिचे इंजिन ९९३ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि ॲल्युमिनियमचे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव अवघी ६१. धाव आखूड असल्यामुळे हे इंजिन फेरे झपाट्याने घेते. गाडी अंगाने हलकी, म्हणून पन्नास अश्वशक्तीही पुरून उरते. आजच्या मोटारी याहून कितीतरी जोरकस आहेत, पण चाकाखालचा रस्ता हाताला कळतो तो या जुन्या गाडीत. असे भाच्याचे मत आहे. एकदा घाटातून तिच्यात बसून आल्यावर माझेही तेच झाले.

हे काम बेळगावच्या माणसाने हाती घ्यावे यात मला आश्चर्य वाटले नाही. लोखंडाशी झटापट करण्याची या शहराची सवय जुनी आहे. गुर्लहोसूर या बेळगाव जिल्ह्यातील गावी १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकणे, दुरुस्त करणे आणि गिऱ्हाइकास ती चालवावयास शिकवणे, अशी तिहेरी उठाठेव तेथे चाले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. शहराच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि बेळगावने आपला एक मोठा कारखानदार गमावला. (याच वाडीतून १९२० साली निघालेल्या मासिकाने मराठी घराघरात वाचनाची गोडी लावली, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.) कारखाना गेला तरी हातातील कसब गेले नाही. आज उद्यमबागेत ओतशाळा आहेत, लेथ आहेत, तेलाच्या दाबावर चालणारे पंप व झडपा घडविणाऱ्या यंत्रशाळा आहेत. जेथे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजण्यात दिवस जातो, तेथील पोरास जुने इंजिन म्हणजे मेजवानीच.

इंजिन खोलले तेव्हा कळले, की ते कधीतरी पाण्याविना तापले होते. ॲल्युमिनियमचे हेड तापले की वाकडे होते, आणि एका केसाच्या जाडीइतका बाकही गॅस्केट फोडण्यास पुरतो. हेड फेस करून सपाट करावे लागले. वॉल्व्ह लॅप करून त्यांच्या बैठकींवर बसविले. सिलिंडर घासून नव्या रिंगा घातल्या. हेडचे काम कोल्हापुरातील एका जुन्या मिस्त्रींकडे दिले होते. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांवर त्या शहराच्या मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या आहेत, त्यामुळे त्यांचा हात त्यात बसलेला. परंतु हेड तिकडे आणि गाडी इकडे, हाच घोटाळा झाला. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि वाट बंद पडली. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी. पुढल्या वर्षी कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना तपासणीचा दाखला असल्याखेरीज पलीकडचा माणूस अलीकडे येईना. चाळीस किलोमीटरवरचे हेड घरी यावयास दीड वर्ष लागले. मिस्त्री दूरध्वनीवर म्हणाले, “हेड हितं झकास पडलंय बघा, त्याला काय रोग व्हतोय?”

मधल्या काळात पत्र्याचे काम झाले. हे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. रंगाखालचा गंज लांबी भरून झाकता येतो. वर्षभराने तो पुन्हा डोके वर काढतो. भाच्याने तळाचा कुजलेला पत्रा कापून काढला आणि नवा जोडून घेतला. रविवारी निपाणीस यावे, दिवसभर घासावे आणि रात्रीच्या एसटीने परतावे, असा क्रम चालला. आक्का चहा नेऊन देई आणि विचारी, “किती झाले आजवर?” तो आकडा कधीच नीट सांगत नसे. तिने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आपला निराळा हिशोब मांडला होता, आणि तो त्याच्या हिशोबाहून मोठा निघाला.

घरात खरा तंटा झाला तो इंजिनावरून. मित्रमंडळींचा आग्रह होता, की त्याच घराण्यातील एस्टीमचे १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवावे. थोड्या खटपटीने ते मावते आणि गाडी वाऱ्यासारखी पळते. भाच्याचे मन ओढ घेत होते. परंतु जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार नोंदणीकृत वाहनात करता येणार नाही. शिवाय इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, आणि ते पुस्तक वडिलांच्या नावाचे होते. अखेर मूळ इंजिन राहिले. वायुमार्ग आतून गुळगुळीत केले, क्लच आणि ब्रेक नवे केले, चांगले टायर घातले. मोठा आवाज करणारा सायलेन्सर त्याने लावला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती मुदत २०१८ मध्ये संपली होती. गाडी एमएच ०९ ची, मालक दिवंगत, वारस कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील क्रमांक घ्यावा लागतो, असा मोटार वाहन कायदा आहे. म्हणजे वारसाच्या नावे करण्यास नमुना ३१, ना-हरकतीसाठी नमुना २८, नव्या क्रमांकासाठी नमुना २७, शिवाय कर्नाटकाचा कर आणि तपासणी. एखाद्या कोल्हापूरच्या नातलगाच्या नावे ठेवून जुना क्रमांक राखण्याची तोड अनेकांनी सुचविली. यजमानांनी तो क्रमांक पसंतीने घेतलेला होता. आणि या भागात एमएच ही दोन अक्षरे निव्वळ अक्षरे नसतात, हे वाचक जाणतात.

निकाल आक्काने दिला. ती म्हणाली, “त्यांनी आयुष्यात खोटा पत्ता लिहिला नाही. आपण निपाणीत राहतो, तर गाडी निपाणीचीच असू दे.” भाचा त्या रात्री जेवला नाही, असे तिने मला नंतर सांगितले. २०२३ साली तपासणी पार पडली आणि गाडीस केए २३ चा क्रमांक मिळाला.

मी गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा त्याने मला बेळगावहून निपाणीस याच गाडीतून आणले. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, असा हा पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. हिरण्यकेशी ओलांडली की उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि येथे एक गंमत आहे. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि ते काही अंशी उसापासून होते. जी गाडी या उसातून धावते ती थोडीबहुत त्याच्यावरच धावते! मात्र जुन्या कार्बोरेटरला हे खाद्य मानवत नाही. इथेनॉल पाणी शोषते आणि जुनी रबरी नळी फुगवून फोडते. भाच्याने सर्व नळ्या बदलून त्यास टिकणाऱ्या घातल्या आहेत, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधील पेट्रोल तो काढून टाकतो. ज्यांच्या घरी जुनी मोटार वा स्कूटर असेल त्यांनीही हे अवश्य करावे.

तवंदीचा घाट उतरताना त्याने गाडी तिसऱ्यात टाकली आणि ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या रोखावर वळणे घेत खाली आणली. समोर स्तवनिधीचा डोंगर, खाली १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने देशभर गाजलेले निपाणी. तो काही बोलत नव्हता; कान इंजिनाकडे होते. डाव्या दाराच्या रबरातून वारा शिटी घालत होता. ते मूळचे रबर आता मिळत नाही. कोल्हापूर झाले, सांगली झाली. पुढच्या रविवारी तो हुबळीच्या जुन्या बाजारात शोधावयास जाणार होता. परसातील छपराखाली आता गाडी आणि सरपण अर्धे अर्धे आहे.