ट्रॅक्टरच्या सीटवरची उशी



आज पिकाचं काही लिहीत नाही. गेले तीन महिने पेजवर नोंद का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. "कंबर धरलीय" असं सांगून मी वेळ मारून नेली. ते खोटं होतं. मला मूळव्याध होती आणि तिचं ऑपरेशन झालं. हे लिहायला चार दिवस हात धजावत नव्हता, पण लिहायचंच ठरवलं.

सुरुवात सात वर्षांपूर्वीची. खडा व्हायचा आणि शौचाला दोन थेंब लाल रक्त पडायचं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून सोडून दिलं. आपलं रोजचं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्रीची लाईट असली की दोन वाजता उठून कांद्याला पाणी धरायचं. चहावर चहा, पण पोटात पाणी नाही. सकाळी मजूर दारात उभे, म्हणून लागलेली दाबून धरायची आणि मग दुपारी कुंथत बसायचं. दुखण्याची पेरणी मीच करत होतो.

पुढे मोड बाहेर यायला लागला. आधी आपोआप आत जायचा, नंतर बोटाने ढकलावा लागायचा. ट्रॅक्टरवर बसवेना, म्हणून सीटवर उशी ठेवली. लोकांना वाटलं कंबरेसाठी. घरातही मी तेच सांगितलं. मध्यंतरी बाजाराच्या गावात 'बिना ऑपरेशन' अशी पाटी बघून गेलो. त्याने काहीतरी टोचलं, काय ते सांगितलं नाही. पंधरा दिवस नुसती आग. चार हजार गेले आणि दोन महिन्यांत मोड पुन्हा बाहेर.

या जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. वरंब्यावरून चालता चालता डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी वाफ्यातच बसलो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली. पायजम्याचं रक्त तिला दिसलं.

"अहो, हे कधीपासून?"

"दोन-चार दिवस."

तिने माझा हात हातात घेऊन नखं बघितली. "पांढरी फटक पडलीत. दोन-चार दिवसांत असं होत नाही." मला उत्तर सुचलं नाही. पुतण्याने लगेच गाडी काढली.

हिमोग्लोबिन निघालं ६.९. पुरुषाला १३ च्या आसपास तरी पाहिजे. थेंब थेंब करत सात वर्षांत एवढं गेलं होतं. ठिबकची नळी एका जागी गळत असली तर आपण लगेच जोडतो, इथे मात्र बघत बसलो.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. मग सर्जन म्हणाले, "काका, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका. तुमच्या वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असंच रक्त दाखवतो. आधी दुर्बिणीने बघू." आदल्या रात्री पोट साफ व्हायचं औषध पाण्यात कालवून पीत होतो, झोप नव्हती. मूळव्याधीचं भय नव्हतं. आपण सात वर्षं काय लपवलं, हेच डोक्यात फिरत होतं. सकाळी तपासणी झाली. आतडं साफ निघालं. बायको बाहेर बाकावर बसून रडली.

मग डॉक्टरांनी समजावलं. मूळव्याधीच्या चार पायऱ्या. पहिलीत फक्त रक्त. दुसरीत मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत हाताने ढकलावा लागतो. चौथीत आत जातच नाही. पहिल्या दोन बहुतेकदा खाणं-पिणं सुधारून, औषधाने, नाहीतर रबराची रिंग बसवून भागतात. मी तिसरीत होतो, तेही चहूबाजूंनी.

माझं स्टेपलरने केलं. इटलीच्या अँटोनिओ लोंगो या सर्जनने ही पद्धत आणली. गुदद्वारातून एक गोल यंत्र आत घालतात. मोडाच्या वरच्या भागातली आतल्या अस्तराची एक गोल पट्टी ते कापतं आणि लगेच टायटॅनियमच्या बारीक पिना मारून जोडतं. खाली घसरलेलं सगळं वर ओढलं जातं, मोडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो आक्रसतो. त्या वरच्या भागाला दुखण्याची जाणीव जवळपास नसते आणि बाहेर मोठी जखम राहत नाही, म्हणून त्रास कमी. कमरेत इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात काम झालं, दुसऱ्या दिवशी घरी.

पण 'काहीच दुखत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या संध्याकाळी मला लघवी होईना, नळी घालावी लागली. पहिल्या शौचाला जीव मुठीत धरला होता. दोन-तीन आठवडे लागली की पळावंच लागायचं. कोमट पाण्याच्या टबात बसणं, इसबगोल, आणि महिनाभर ट्रॅक्टर बंद. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं, की जुन्या पद्धतीने मोड कापून काढला तर दुखतं जास्त, पण पुन्हा होण्याची शक्यता कमी. स्टेपलरमध्ये पुन्हा होण्याची शक्यता थोडी जास्त. प्रत्येकाला स्टेपलर चालतोच असंही नाही. तपासून ठरवतात.

दोन ट्रॉली कांद्याचे पैसे गेले. सरकारी योजनेत बसतं का, ते आधी विचारून घ्या. वेळेवर गेलो असतो तर कदाचित रिंगवर भागलं असतं.

आता शेतात जाताना पाण्याची कॅन सोबत असते. लागली की मजूर थांबले तरी चालतील. मोबाईल संडासात नेत नाही. ताटात भाकरीबरोबर पालेभाजी असतेच.

तुमच्यापैकी कोणाला रक्त पडत असेल तर लाजू नका. पाटी बघून जाऊ नका, सर्जनकडे जा. पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे असाल तर दुर्बिणीचं स्वतःहून विचारा. आणि निदान घरात तरी खरं सांगा.

कांदा काढणीला आलाय. ट्रॅक्टर सध्या पुतण्या चालवतोय. उशी अजून सीटवरच आहे, पण कोणी विचारलं तर आता कंबर सांगत नाही.