पोलीस घेऊन जातील

"जेवला नाहीस तर पोलीस घेऊन जातील." हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. आमची आजी तर खिडकीतून खाली दिसणाऱ्या कुठल्याही खाकी कपड्यातल्या माणसाला हाक मारायची. मग तो पोस्टमन का असेना. आमटीभात मुकाट पोटात जायचा. गंमत अशी की हीच आयडिया अमेरिकेत सत्तरच्या दशकात रीतसर राबवली गेली आणि तिच्यावरच्या फिल्मला चक्क ऑस्कर मिळालं!

न्यू जर्सीतल्या वाचकांना ओक ट्री रोड सांगायला नको. भेंडी, कढीपत्ता आणि पार्किंगवरून भांडणं, सगळं तिथे मिळतं. त्यातलं इझेलिन ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, त्याच टाउनशिपमध्ये ॲव्हनेलला मोठ्या घुमटाचा एक जुना तुरुंग आहे. आता त्याचं नाव ईस्ट जर्सी स्टेट प्रिझन, पण पूर्वी तो रॉवेचा तुरुंग म्हणून ओळखला जायचा. १९७६ च्या सुमारास तिथल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी एक कार्यक्रम सुरू केला. पोलीस, कोर्टं, शाळा वगैरेंनी वाह्यात वाटणारी पोरं इथे पाठवायची. मग हे दणकट कैदी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिव्या देणार, आत आल्यावर तुमचं काय होईल ते नको इतक्या तपशिलात सांगणार. १९७८ मध्ये त्यावर 'स्केअर्ड स्ट्रेट' ही फिल्म आली. निवेदन पीटर फॉकचं, म्हणजे आपल्या कोलंबोचं. ८०-९० टक्के मुलं सुधारतात असा दावा तेव्हा सगळीकडे झाला आणि राज्याराज्यांत त्याच्या नकला निघाल्या.

हे सगळं मी खणून काढलं त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचा चौदा वर्षांचा मुलगा मॉलमध्ये दोन मित्रांबरोबर हेडफोन उचलताना पकडला गेला. मित्राचा रात्री साडेदहाला फोन. आवाज बसलेला. रेकॉर्ड, कॉलेज, ग्रीन कार्ड, सगळं एका दमात बोलून झाल्यावर म्हणाला, "तू इथे जुना आहेस. ते तुरुंग दाखवून आणतात ना पोरांना, त्याची चौकशी कर. एकदा टरकला पाहिजे."

मी चौकशी केली. आपला धंदाच तो, आधी लॉग बघायचे.

रटगर्स विद्यापीठाच्या जेम्स फिन्कनॉअर यांनी त्याच वेळी रॉवेच्या कार्यक्रमाचा अभ्यास केला होता. तुरुंगात जाऊन आलेली मुलं एका गटात, न गेलेली दुसऱ्या गटात, आणि सहा महिने दोघांवर लक्ष. न गेलेल्यांपैकी ११ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला. आणि जाऊन आलेल्यांपैकी? ४१ टक्के! गट लहान होते, वाटणीही अगदी काटेकोर झाली नव्हती, म्हणून एवढ्यावर मी विश्वास ठेवला नसता. पण पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांच्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचा निष्कर्षही तोच: यापेक्षा काहीच न केलेलं बरं. उपयोग नाही एवढंच असतं तर चाललं असतं, पण इथे तर फिक्स टाकल्यावर बग वाढलेत. तरी याच कल्पनेवरचा टीव्ही शो २०११ ते २०१५ चालला. प्रेक्षकांना आवडायचा म्हणे.

वर्दीतले पोलीस वर्गात जाऊन ड्रग्जविरुद्ध धडे देतात तो 'डेअर' कार्यक्रम (लॉस एंजेलिस, १९८३, काळा टीशर्ट, लाल अक्षरं) तसाच लाडका. त्याचा परिणाम टिकत नाही हे नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत वारंवार दिसलं, तरी अभ्यासक्रम बदलायला २००९ उजाडलं.

मला खरी झोप लागली नाही ती केंब्रिज-सॉमरव्हिलच्या अभ्यासाने. १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ५०६ मुलं घेतली, सारख्या जोड्या लावल्या, नाणं उडवून प्रत्येक जोडीतला एक निवडला. त्याला मार्गदर्शक, शिकवणी, डॉक्टर, समर कॅम्प. इथे शिव्या नाहीत, धमक्या नाहीत, नुसती माया. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं, म्हणजे आता बाप्ये, शोधून काढली. दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. आणि आकडे म्हणाले, दारू, आजारपण, लवकर मरण, सगळ्यांत मदत मिळालेलेच मागे. पुढे कारणांचा शोध घेताना संशय गेला समर कॅम्पवर: वांड पोरं एकत्र ठेवली की एकमेकांना फुशारक्या मारून शिकवतात. तुरुंग दाखवायलाही पोरं घोळक्यानेच नेतात हे लक्षात घ्या. आणि चौदाव्या वर्षी मित्रांसमोर 'मी नाय घाबरलो' हे सिद्ध करावंच लागतं. आपणही केलंय, नाक्यावर.

पोलिसांनी यात पडूच नये असं मात्र माझं मत नाही. बॉस्टनमध्ये १९९६ च्या सुमाराला पोलीस, प्रोबेशन अधिकारी, गल्लीत काम करणारे कार्यकर्ते आणि चर्चचे पाद्री एकत्र आले आणि नेमक्या टोळ्यांना समोर बसवून सांगितलं: गोळी चालली तर अख्ख्या टोळीमागे लागू, सोडायचं असेल तर ही मदत घ्या. तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले. श्रेय कुणाचं यावर तज्ज्ञ अजून भांडतात, पण तिथे सगळ्या शहराला भाषण नव्हतं. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं होतं.

मित्राला हे सगळं मी सांगितलं. तो वैतागला. "तुझी आकडेवारी ठेव तुझ्याकडे, माझा एकुलता एक आहे." बरोबरच होतं त्याचं. एकुलत्या एकाला कुठली टक्केवारी लागू होते?

पण निर्णय आम्हा दोघांच्याही हातात नव्हताच. न्यू जर्सीत किरकोळ प्रकरणात पोलीस मुलाला कोर्टात न पाठवता 'स्टेशनहाउस ॲडजस्टमेंट' करू शकतात. मुलांची प्रकरणं बघणारा अधिकारी, आईवडील आणि मुलगा एका टेबलाशी बसतात, अटी ठरतात, सह्या होतात. अटी पाळल्या तर कोर्टात तक्रार जात नाही. २०२० मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी याचा वापर वाढवा असा आदेशच काढला. आणि इथे आकडे बाजूने आहेत: २९ प्रयोग आणि सात हजारांवर मुलं तपासून असं दिसलंय की पोरांना कोर्टात ओढून गुन्हे कमी होत नाहीत.

अधिकारी बाई होत्या. मित्राने तुरुंगाचं विचारलंच. त्या म्हणाल्या, तसलं काही आम्ही करत नाही, आणि मुलाकडे वळून विचारलं, "दुकानदाराला पत्रात काय लिहिशील?" तो पाच मिनिटं गप्प. मित्र मध्ये बोलायला लागला तर बाईंनी हाताने थांबवलं. "त्या पाच मिनिटांत माझा घाम निघाला रे," असं मित्र नंतर म्हणाला.

पत्र झालं. आता दर शनिवारी फूड पँट्रीत डबे लावायचं काम आहे, बाकीच्या दोघांपेक्षा वेगळ्या वेळी. मित्र बाहेर गाडीत बसून राहतो. गेल्या शनिवारी मी त्याला चहा नेऊन दिला. अजून दोन शनिवार आहेत. मुलगा बापाशी फारसं बोलत नाही, पण आत एका म्हाताऱ्या बाईंना कुठले डाळीचे डबे आवडतात ते त्याला पाठ झालंय.