पत्रांचा कैवारी

पेद्रो सालिनास माझ्याकडे उलट्या बाजूने आला. स्पॅनिश वाचणारी माणसं त्याला ओळखतात ती प्रेमकवितांमुळे. विसाव्या शतकातल्या स्पॅनिश प्रेमकवितेचं नाव निघालं की त्याचं १९३३ सालचं 'ला वोस आ ती देबीदा' हे पुस्तक पहिल्या दोन-तीनात येतंच. मी मात्र आधी वाचला तो त्याचा एक लांबलचक निबंध, आणि तोही पत्रांवरचा. पत्र म्हणजे साधं, पाकिटात घालून तिकीट लावून टाकायचं पत्र. १९४८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात त्याचं 'एल देफेन्सोर' नावाचं निबंधांचं पुस्तक निघालं. एल देफेन्सोर म्हणजे कैवारी. कैवार कुणाचा, तर पत्रांचा, वाचनाचा, भाषेचा, मूठभर वाचकांसाठी लिहिलेल्या साहित्याचा आणि (हे फार आवडलं मला) म्हाताऱ्या निरक्षर माणसांचा!

पत्रांवरच्या निबंधात हा सभ्य, जाडजूड प्राध्यापक चक्क भांडायला उठलेला आहे. भांडण आहे अमेरिकेतल्या तार कंपनीशी. पत्रं कसली लिहीत बसता, तार करा, अशी जाहिरात त्याने पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. पत्र नसलेलं जग कसं असेल, अशी कल्पनासुद्धा त्याला सहन होत नाही. मग तो पानंच्या पानं पत्राची बाजू मांडतो. त्यातला एक मुद्दा माझ्या मनात रुतून बसलाय. पत्राचा पहिला वाचक ते लिहिणाराच असतो. समोरच्याला सांगायला म्हणून आपण बसतो आणि सांगता सांगता आपलंच आपल्याला कळायला लागतं.

आपल्याकडे तारेचा अर्थ तसा वेगळाच होता. तारवाला दारात दिसला की आधी आजी देवापुढे बसायची आणि मग कुणीतरी ती उघडायचं. ती तार आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि पोस्टाची पेटी अजून उभी आहे. सालिनासला हे कळलं असतं तर त्याने नक्की कुणाला तरी आठ पानी पत्र लिहून कळवलं असतं.

पण तो इतका का चिडला होता, हे मला त्याचं चरित्र वाचल्यावर समजलं.

जन्म १८९१, माद्रिद. विशीत पॅरिसला सोर्बोनमध्ये स्पॅनिश शिकवायला गेला. १९१८ पासून सेव्हियाच्या विद्यापीठात प्राध्यापक. तिथे त्याच्या वर्गात लुईस सेर्नूदा नावाचा एक लाजराबुजरा मुलगा होता, पुढे तोही मोठा कवी झाला आणि तोही परागंदा झाला. मधल्या काळात सालिनासने प्रूस्तच्या कादंबरीचे सुरुवातीचे भाग स्पॅनिशमध्ये आणले. पहिला भाग १९२० मध्ये आला. म्हणजे प्रूस्त अजून जिवंत होता आणि पुढचे भाग लिहीतच होता! 'सिद'चं मध्ययुगीन महाकाव्य त्याने आजच्या स्पॅनिशमध्ये उतरवलं. प्रजासत्ताक आल्यावर सान्तान्देरच्या समुद्रकाठी राजाचा उन्हाळी वाडा रिकामा झाला होता, तिथे उन्हाळी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सुरू झालं. त्याचा १९३३ पासूनचा सरचिटणीस हाच. व्याख्याते बोलावणं, त्यांची सोय बघणं, सगळं अंगावर. लग्नघरातल्या मामासारखा.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटलं तेव्हा तो तिथेच होता. योगायोग असा की अमेरिकेतल्या वेल्सली कॉलेजने त्याला पुढच्या वर्षासाठी शिकवायला आधीच बोलावलं होतं. बॉस्टनजवळचं हे मुलींचं कॉलेज. तो फ्रान्समार्गे निघाला आणि बोटीत बसला. हातात एका वर्षाची नोकरी होती. १९३९ मध्ये फ्रँको जिंकला, प्रजासत्ताक संपलं. सालिनासने परत स्पेनमध्ये पाऊल ठेवलं नाही. मला या हद्दपारीतलं हेच फार टोचतं. कुणी हाकललं नाही, सीमेवर पोलीस नव्हते. माणूस वर्षभरासाठी म्हणून निघतो, कपाटात पुस्तकं तशीच ठेवून, आणि ते वर्ष संपतच नाही.

नाव घेण्यासारखे हाल झाले नाहीत त्याचे, हेही सांगायला हवं. त्याचा मित्र लोर्का त्याच उन्हाळ्यात गोळी घालून मारला गेला. मचादो १९३९ मध्ये पिरेनीज ओलांडून कसाबसा फ्रान्समध्ये पोचला आणि काही दिवसांतच गेला. सालिनासला पगार होता, १९४० पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानाची जागा होती, घरी बायको-मुलं आली होती. अमेरिकेची त्याला गंमतही वाटायची. न्यूयॉर्कच्या रात्रीत लुकलुकणाऱ्या कोकाकोलाच्या आणि सिगारेटच्या जाहिरातींवर त्याने कविता केली आहे, जणू त्या आकाशातल्या नव्या तारकाच. मग दुखत काय होतं?

भाषा. दिवसभर ज्या भाषेत पाव-लोणी मागायचं ती वेगळी, आणि ज्या भाषेत कविता येते ती वेगळी. मी गेली अकरा वर्षं मराठीबाहेर राहते आहे म्हणून असेल, पण हे वाचताना मला काही समजावून घ्यावं लागलं नाही. घरात मराठी असते, फोनवर असते. पण रस्त्यावर पाठीमागून येणारी, आपल्याशी काही देणंघेणं नसलेली मराठी नसते. दोन बायका भाजीवाल्याशी हुज्जत घालताहेत आणि आपण उगाच ऐकतोय, हे सुख किती मोठं असतं ते दादरला उतरल्याशिवाय कळत नाही.

सालिनासचं दादर म्हणजे प्वेर्तो रिको. १९४३ मध्ये तो तिथल्या विद्यापीठात पाहुणा प्राध्यापक म्हणून गेला आणि तीन वर्षं राहिला. सात वर्षांनी रस्त्यावर स्पॅनिश! आणि समोर समुद्र. त्या समुद्रावर त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलं, 'एल कोंतेंप्लादो', १९४६ मध्ये मेक्सिकोत छापलेलं. नावाचा अर्थ न्याहाळलेला, डोळे भरून पाहिलेला. एक मूळ कविता आणि तिचे चौदा विस्तार, गवयाने एकच चीज घोळवावी तसे. पण प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. शाळांमध्ये इंग्रजी लादण्यावरून तिथे दशकानुदशकं वाद चालला होता, आणि स्पॅनिश हे शिक्षणाचं माध्यम म्हणून पक्कं झालं ते १९४९ मध्ये. अशा ठिकाणी १९४४ मध्ये पदवीदान समारंभात सालिनासने तरुण मुलांसमोर भाषेच्या बाजूने भाषण केलं. त्याचा सूर 'आपल्या भाषेचा अभिमान बाळगा' असा झेंडा फडकवणारा नाही. ज्याला स्वतःला काय वाटतंय ते नीट सांगता येत नाही तो माणूस अर्धवट राहतो, अपंग राहतो, असं त्याचं म्हणणं. भाषा म्हणजे हातपाय. मराठी वाचवा-बिचवाची भाषणं ऐकून माझे कान किटले आहेत, पण हा मुद्दा त्यात कधी ऐकला नाही.

आणि त्या निरक्षरांचं काय? सालिनासला स्पेनमधली जुनी निरक्षर माणसं प्रिय होती, कारण त्यांच्या तोंडी गाणी होती, म्हणी होत्या, बोलण्यात डौल होता. त्याला राग होता नव्या निरक्षरांचा, ज्यांना वाचता येतं पण जे मथळ्यापलीकडे काही वाचतच नाहीत. हे वाचताना मराठी माणसाला बहिणाबाई आठवणार नाहीत तर काय! खानदेशातली, अक्षरओळख नसलेली बाई, आणि तिचं ते बोलणं. तारखा बघत होते तर अंगावर काटा आला. बहिणाबाई गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. सालिनास बॉस्टनमध्ये गेला ४ डिसेंबर १९५१ ला. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. योगायोगाला काही अर्थ नसतो, मान्य. तरी मला तो सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता प्रेमकविता. 'ला वोस आ ती देबीदा' म्हणजे ढोबळमानाने 'तुझं देणं असलेला आवाज'. हे शब्द त्याने सोळाव्या शतकातल्या गार्सिलासोकडून घेतले. सबंध पुस्तक 'मी' आणि 'तू' यांचं आहे. नावं, पत्ते, कपडे, इतिहास सगळं टाकून देऊन दोन सर्वनामं शिल्लक राहावीत, अशी त्याची ओढ. हे इंग्रजीत नीट येत नाही. तिथे नवरा, बॉस आणि कुत्रा सगळ्यांना एकच 'यू'. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखं तू वेगळं आणि आदराचं वेगळं, आणि क्रियापदाच्या शेपटीतच तो 'तू' लपलेला असतो. आपण नुसतं 'येतेस?' म्हणतो तेव्हा 'तू' आलीच की.

ही 'तू' कोण, यावर विद्वानांनी खूप कागद खर्च केले. लिओ श्पिट्झर नावाच्या थोर समीक्षकाने १९४१ मध्ये मांडलं की ही प्रेयसी म्हणजे कवीच्या जाणिवेतली एक घटना आहे, तिला बाहेर अस्तित्व नाही. गंमत म्हणजे श्पिट्झर जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकवत होता, सालिनासचा सहकारी! किती सोयीचं झालं असेल.

कारण ती होती. कॅथरीन तिचं नाव, अमेरिकन, मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात स्पॅनिश शिकवायची. १९३२ च्या उन्हाळ्यात माद्रिदला आली असताना त्याच्या व्याख्यानांना बसली. त्यानंतर त्याने तिला शेकडो पत्रं लिहिली. १९३५ मध्ये त्याच्या बायकोला, मार्गारिताला, हे कळलं आणि तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली. कॅथरीन हादरली आणि तिने अंतर वाढवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी परिस्थितीने सालिनासला नेमकं तिच्याच राज्यात आणून टाकलं, पण तोवर धागा विरला होता. १९३९ मध्ये तिने लग्न केलं, व्हिटमोर हे तिचं लग्नानंतरचं आडनाव. त्याची पत्रं तिने जपली आणि म्हातारपणी हार्वर्डच्या ग्रंथालयाला दिली. त्यातल्या निवडक पत्रांचं पुस्तक २००२ मध्ये निघालं.

माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. एक हे. दुसरं १९८४ मध्ये निघालेलं, १९१२ ते १९१५ मधल्या पत्रांचं. ती पत्रं आहेत मार्गारिताला. ती अल्जीअर्सला माहेरी आणि तो माद्रिदला, मग पॅरिसला. लग्नाआधी त्याने तिला लिहिलेली पत्रं तिने जपून ठेवली, आणि ती छापली त्यांच्या मुलीने. वीस-एकवीस वर्षांच्या पोराची ती पत्रं इतकी गोड आहेत की वाचताना आपणच लाजतो. आणि मग २००२ चं पुस्तक उघडायचं, तर तोच माणूस, तोच कागद भरून टाकण्याचा सोस, तीच तळमळ, फक्त वरचं नाव दुसरं.

मी त्याला माफ करणारी कोण? पण खरं सांगायचं तर त्याच्या कविता वाचताना आता मध्येच मला मार्गारिता दिसते. नावं-पत्ते टाकून सर्वनामांत राहायला तो निघाला, तेव्हा घराचा पत्ता, मुलांच्या शाळा आणि नंतर परक्या देशातला संसार कुणी सांभाळला? या दोन्ही पुस्तकांत बोलतो तो सालिनासच. कॅथरीनने निदान स्वतःची बाजू एका टिपणात लिहून ठेवली, तीही त्या पुस्तकात आहे. मार्गारिताचं तेवढंही नाही. तिची हकिगत आपल्याला कळते ती दुसऱ्यांच्या पत्रांतून.

आणि तरीही कविता उणी होत नाही, याचाच मला राग येतो. सालिनास वाईट कवी असता तर काम सोपं झालं असतं.

हा निबंध लिहिणाऱ्या माणसाला, पत्र एका माणसासाठीच असतं असं मानणाऱ्याला, आपले दोन्ही गठ्ठे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले पाहून काय वाटलं असतं? मीही दोन्ही विकत घेतलीच की, आणि दोन्ही एका आठवड्यात संपवली.

त्याचा जिवलग मित्र होर्हे गियेन, ज्याच्याशी त्याचा १९२३ पासून मरेपर्यंत पत्रव्यवहार होता, तोही परागंदा झाला आणि सालिनासने सोडलेल्या वेल्सलीतच पुढे वर्षानुवर्षं शिकवत राहिला. पण गियेनला आयुष्य मोठं मिळालं. फ्रँको १९७५ मध्ये गेला, गियेनला १९७६ मध्ये पहिला सेर्वान्तेस पुरस्कार मिळाला आणि १९८४ मध्ये त्याने देह ठेवला तो स्पेनमध्येच, मालागाला. सालिनासला त्याच्या इच्छेप्रमाणे प्वेर्तो रिकोत नेऊन पुरलं. जुन्या सान हुआनच्या तटबंदीबाहेरची ती दफनभूमी अगदी समुद्राला लागून आहे, तोच त्याने न्याहाळलेला समुद्र.