माळेगावला चला, बैल बघायला!

वीकेंडचा प्लॅन म्हटलं की आपण तीनच जागी जातो. मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर लोणावळा. फारच हटके मूड असला तर एखादा ऑटो एक्स्पो किंवा फूड फेस्टिव्हल, तेही तिकीट काढून, मनगटाला कागदी पट्टा बांधून. मी सांगतेय त्या एक्स्पोला तिकीट नाही, पट्टा नाही, पार्किंग शेतात आहे आणि टेस्ट ड्राइव्ह घोड्याची असते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा!

माझं गाव डोंगरकडा. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली रस्त्यावर. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की लोकांना वाटतं मी दरीच्या टोकावर राहते. प्रत्यक्षात केळीच्या बागा, ऊस, हळद. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं आणि केळी आली. बाबा नोकरीसाठी पुण्यात गेले, शेती काकांनी सांभाळली. दर वर्षी काकांचा एकच फोन येतो. ‘यात्रेला येऊ लालीस का?’ फ्रीलान्सरला वीकेंड असा नसतोच, पण २०२४ मध्ये २९ डिसेंबरला, म्हणजे चक्क रविवारी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी आली. देवस्वारीचा दिवस. मग काय, गेले!

पहाटे पाचला क्रूझरमध्ये आठ माणसं. आजी, काका, काकू, आई, दादा, वहिनी, त्यांचा सहा वर्षांचा चिरंजीव आणि मी. मांडीवर भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांचं गाठोडं. अर्धापूर, नांदेड, मग लातूरच्या रस्त्याने लोहा आणि पुढे माळेगाव. आणि गाडीत संपूर्ण रस्ताभर शांतता. आमच्या घरात शांतता म्हणजे भांडण!

विषय होता बैल. काकांची लालकंधारी जोडी होती. २०२२ मध्ये लम्पी आला आणि त्यातला एक गेला. उरलेल्या एकट्यावर काकांनी दोन वर्षं काढली, शेजाऱ्याशी सावड करून. म्हणजे त्याचा एक, आपला एक, आलटून पालटून दोघांची शेतं. मग शेजाऱ्याने दिवाळीनंतर आपला बैल विकला. एका बैलाने औत चालत नाही. दादाचं म्हणणं, राहिलेलाही विकून टाकू, ते पैसे ठिबकला लागतील, आणि नांगरायला ट्रॅक्टर आहेच की भाड्याने. काकांचं म्हणणं, हळदीला माती लावायला आणि कोळपायला तुझा ट्रॅक्टर येणार आहे का? दोघंही बरोबर होते. म्हणूनच तर भांडण मिटत नव्हतं.

माळेगाव जवळ आलं आणि गर्दीत गाडी मुंगीच्या वेगाने चालू लागली. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर काचा बंद असून आत येत होता. खंडोबाचं देऊळ आकाराने फार मोठं नाही, पण त्या दिवशी ते सगळं पिवळं झालेलं असतं. पायऱ्या, दगड, माणसं, पोलिसांच्या टोप्यासुद्धा! भंडारा म्हणजे हळदच. आमच्या हिंगोलीकडे पोत्यांनी पिकते ती हळद इथे मुठीमुठीने हवेत जाते. आजीने माझ्या कपाळाला, गालाला आणि महागड्या पांढऱ्या कुर्त्याला मनसोक्त भंडारा लावला. खंडोबा आमचं कुळदैवत, त्यामुळे आजीची यात्रा इथेच पूर्ण झाली. ‘आता तुम्ही काय करायचं ते करा,’ म्हणत ती आईला घेऊन एका झाडाखाली बसली.

पालखी निघाली की माळेगाव सुरू होतं. यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, लावणी महोत्सव असा चार-पाच दिवसांचा भरगच्च कार्यक्रम असतो. पण खरी यात्रा कार्यक्रमपत्रिकेत नसते, ती माळावर असते.

आधी घोडे. रिकाम्या पट्ट्यात स्वार घोडा उडवत नेतो आणि काठावर उभे असलेले गिऱ्हाईक टापांकडे बघत राहतात. भाचा म्हणाला, ‘आत्या, हा ॲव्हरेज किती देतो?’ मालक हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, ‘चंदी खातो तेवढा.’ पुढे गाढवांचा बाजार. गाढव विकत घेतं कोण, असं तुम्हालाही वाटलं ना? कुंभार, वडार, वाळू-माती वाहणारे, बिऱ्हाड घेऊन फिरणारे. भटक्या जमातींची ही वर्षातून एकदा भेटण्याची जागा. इथेच सोयरिकी जुळायच्या, इथेच जातपंचायती बसायच्या. पंचायतींच्या कहाण्या काही रोमँटिक नव्हत्या. दंड, वाळीत टाकणं सगळं व्हायचं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात २०१७ पासून लागू आहे.

आणि मग बैलबाजार. काका इथे पोचले आणि वेगळाच माणूस झाले. एरवी गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसत नाहीत, इथे तीन तास उन्हात फिरत होते. समोर लालभडक लालकंधारी, याच कंधार-लोह्याच्या मातीतली जात. पलीकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी, ती लातूरकडची. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. मला सगळेच सुंदर दिसत होते. काका म्हणाले, ‘पोरी, बैल तोंडाकडून बघायचा नसतो. चालताना मागून बघायचा.’ मग जबडा उघडून दात. दुधाचे दात असतील तर आदत, दोन आले की दुसा, चार म्हणजे चौसा, सगळे आले की जुळला. आपल्याकडे सेकंडहँड गाडीचं मीटर मागे फिरवता येतं, बैलाचे दात नाही!

काकांना हवा होता एकट्या बैलाचा जोडीदार. उंची तीच, रंग तोच, शिंगांचं वळण जुळणारं, वर डाव्या बाजूला चालणारा. मॅट्रिमोनी साइटवर इतके फिल्टर नसतात. दुपारी दोनच्या सुमारास एक चौसा सापडला. पंच्याहत्तर हजार.

दलालाने खांद्यावरचा टॉवेल काकांच्या हातावर टाकला आणि त्याखाली दोघांची बोटं बोलू लागली. कुठलं बोट धरलं, किती धरली, यावरून आकडा. बाजूच्याला कळू नये म्हणून. चेहऱ्यावर काही नाही, फक्त मान हलते. चार वेळा हात सुटले, काका चार वेळा चालू पडले, चार वेळा त्यांना परत बोलावलं. शेवटी दलाल मोठ्याने म्हणाला, ‘एकसष्ट. आता देवाची आण.’

काकांनी दादाकडे बघितलं. खात्यात पैसे दादाच्या होते. केळीचे.

दादाने मला आधी बाजूला घेऊन सगळा हिशोब ऐकवला होता. एका बैलाचा वर्षाचा कडबा आणि पेंड, सालगडी मिळत नाही, मिळाला तर त्याची उचल. आणि एक गोष्ट, जी मला पुण्यात बसून कधी सुचली नसती. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाची कत्तल बंद आहे. त्यामुळे म्हातारा बैल कोण घेणार? पूर्वी थकलेला बैल विकून नव्याचे थोडे पैसे उभे राहायचे. आता तो मरेपर्यंत सांभाळायचा. ‘काकांना बैल पाहिजे, मला त्याचं म्हातारपण दिसायलंय,’ तो म्हणाला. यावर मी काय बोलणार?

आता मात्र तो काही बोलला नाही. बैलाच्या मागे गेला. दहा पावलं चालवायला लावलं. मग पुढे येऊन जबडा स्वतःच्या हाताने उघडला, दात बघितले, जिभेखाली बघितलं, कानातल्या पिवळ्या टॅगचा नंबर मोबाइलवर टिपला. टॅग नसलेल्या जनावराचा व्यवहार आता करता येत नाही. ‘डावीकडं चालतो का खरंच?’ त्याने विचारलं. मालकाने चालवून दाखवला. मग दादा काकांकडे न बघता दलालाला म्हणाला, ‘अठ्ठावन्न. इसार आत्ता देतो. स्कॅनर हाय का?’

स्कॅनर होता. झुलीलाच पिनेने लावलेला!

नंतरची यात्रा मी निवांत बघितली. आकाशपाळणा, मौत का कुआँ, गरम भजी, जिलबी, रेवड्या. वहिनीला तमाशाच्या फडाकडे जायचं होतं, काकूंनी डोळे मोठे केले. मग काकूच म्हणाल्या, ‘लांबून ऐकू की.’ आम्ही चौघी तंबूच्या कनातीबाहेर उभ्या राहून ढोलकी ऐकत होतो, आणि आई, जिने मला आयुष्यभर पुण्यात क्लासला घातलं, ती पायाने ठेका धरत होती. बैल रात्रीच्या टेम्पोने निघाला. दादा टेम्पोत मागे, बैलाजवळ बसला. क्रूझरमध्ये काका पुढच्या सीटवर घोरत होते.

जायचं असेल तर : यात्रा डिसेंबर किंवा जानेवारीत येते, तिथी आधी बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी वेळा अमावास्या, लातूरकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला असतं. ओळख काढून आमंत्रण मिळवाच. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे लातूर रस्त्याने एसटी. मुक्काम नांदेडला करा. बूट जुने घाला, पांढरं काही घालू नका. आणि येताना गाडीत थोडी जागा ठेवा. बैल नाही तरी एखादी घोंगडी घेतली जातेच.