श्वासाची कमाई

मानेच्या मणक्याला जबर इजा झाली की आप्तेष्टांचा पहिला प्रश्न असतो, "पुन्हा चालता येईल का?" सहा वर्षांपूर्वी माझे ज्येष्ठ बंधू गोदामाच्या माळ्यावरून पडले, तेव्हा आम्हालाही हीच चिंता होती. परंतु त्यांच्या जिवाला खरा धोका होता तो खोकता न येण्याचा.

श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. त्याच्या नसा मज्जारज्जूच्या मानेतील तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघतात. बंधूंची इजा त्याखालची असल्याने श्वासपटल वाचले. मात्र बरगड्यांमधील व पोटाचे स्नायू निकामी झाले. श्वास जोराने बाहेर टाकता येईना. कफ छातीत साठे आणि साध्या सर्दीतही न्यूमोनियाची भीती वाटे. ज्यांच्या एका हाकेवर हमाल धावत येत, त्यांना पाणी मागतानाही मध्येच थांबून दम घ्यावा लागे.

"उरलेले स्नायू व्यायामाने बळकट करता येतात," असे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले. त्यांनी स्प्रिंगची झडप असलेली एक लहान नळी दिली. ठराविक जोराने श्वास ओढल्याखेरीज ती झडप उघडत नाही. स्प्रिंग आवळली की भार वाढतो. सकाळ-संध्याकाळ मोजून श्वास सुरू झाले. बसताना पोटाला पट्टा बांधल्याने श्वासपटलाला आधार मिळे. खोकण्याच्या क्षणी वहिनी बाईंकडून शिकल्याप्रमाणे पोटावर हातांनी दाब देत, म्हणजे कफ सुटे.

कॉक्रेन या संस्थेच्या 2013 सालच्या समीक्षेत अशा प्रशिक्षणाच्या 11 अभ्यासांतील 212 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. फुप्फुसांची क्षमता आणि श्वासाच्या स्नायूंचा जोर वाढल्याचे त्यात आढळले. हा लाभ दीर्घकाळ टिकतो का, याविषयीचा पुरावा मात्र तोकडा होता.

बंधूंचे पाय परत आले नाहीत. पण आज ते गादीशेजारी चाकांच्या खुर्चीत बसून ग्राहकाला एका दमात भाव सांगतात आणि चुकलेल्या बेरजेवरून मुलांना दटावतातही. ती दटावणी ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान उमटते.

ज्या घरी असा प्रसंग ओढवला असेल, त्यांनी तज्ज्ञांकडून श्वासाची चाचणी करून घ्यावी आणि त्यांच्याच देखरेखीखाली व्यायाम आरंभावा. बरे वाटू लागताच तो सोडू नये. स्नायूंची ताकद ही रोजच्या उलाढालीसारखी आहे. दुकान बंद ठेवले तर जुन्या कमाईवर फार दिवस निघत नाहीत.